रिट्रीव्हरचं प्रशिक्षण, श्वानगृहाची नोंदणी आणि ‘शिकारी परवाना’ नावाचा नसलेला कागद

मी शेतात श्वानगृह चालवतो, रिट्रीव्हर कुत्र्यांना शिकवतो. परवा शिरपूरकडून एका तरुण शेतकऱ्याचा फोन आला. त्याने नुकतंच लॅब्रेडॉरचं, म्हणजे पडलेला पक्षी उचलून आणणाऱ्या रिट्रीव्हर कुत्र्यांपैकी एका जातीचं, पिल्लू आणलंय आणि मोबाइलवर विलायतेतले व्हिडिओ पाहून तो भारावून गेलाय. बदक पाण्यात पडतं, काळा कुत्रा पोहत जातो, बदक तोंडात अलगद धरून आणतो आणि मालकाच्या हातात देतो. नमस्कार-चमत्कार न करता त्याने थेट विचारलं, “भाऊ, शिकारी कुत्राना लायसन कोठे भेटस?”

कुठेच मिळत नाही. असं लायसन्सच नाही. कुणी पैसे घेऊन असा कागद करून देतो म्हणाला तर समजायचं की तो आपल्याला गुंडाळतोय.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 9 नुसार शिकारीला बंदी आहे. आपल्याकडे लोकांना वाटतं, बंदूक चालवली तरच शिकार. कायद्याच्या व्याख्येत मात्र पकडणं, पाठलाग करणं, हाकणं, फासे लावणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचा प्रयत्न करणंही येतं. म्हणजे बांधावर ससा दिसला म्हणून कुत्रा सोडून ‘छू’ म्हटलं, तरी ती शिकारच. तितर, लावा, रानबदक, ससा यांना सगळ्यांना संरक्षण आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्राणी अनुसूची 1 मधला (कायद्यातली सगळ्यात कडक संरक्षणाची यादी) असेल तर किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं, शिवाय किमान 25 हजार दंड.

“मग रानडुकरं?” हा त्याचा पुढचा प्रश्न. कलम 11 खाली उभ्या पिकाला किंवा माणसाला धोका होत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. ती त्या प्रसंगापुरती आणि त्यात नाव असलेल्या माणसाला असते; कुत्रा सोडायची मोकळीक ती नव्हे. तसंही रिट्रीव्हर डुकरावर सोडणं म्हणजे त्याला मारायला पाठवणं. ही जात पडलेला पक्षी उचलून आणण्यासाठी घडवलेली, सुळ्यांशी झुंजण्यासाठी नव्हे. लॅब्रेडॉरचं मूळ कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडच्या पाणकुत्र्यांत, तर गोल्डन रिट्रीव्हर 1868 पासून स्कॉटलंडमध्ये घडवला गेला. दोघांच्याही अंगात एकच वेड: तोंडात काहीतरी धरायचं आणि माणसाला आणून द्यायचं. दात न रुतवता धरणं ही त्यांची खरी ऐट.

ती ऐट आपल्याकडे शिकवता येते, फक्त पक्ष्याऐवजी डमी, म्हणजे गोणपाटाची खोटी गुंडाळी, वापरून. ते पूर्णपणे कायदेशीर आहे. पण त्याभोवतीचे कागद वेगवेगळ्या दारांवर मिळतात आणि आपण नेमक्या चुकीच्या दारात उभे राहतो.

कुत्रा पाळणाऱ्याने काय करायचं

फक्त स्वतःचा एक कुत्रा असेल तर काम थोडं आहे. शहरात राहत असाल तर आपल्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत श्वान परवान्याची चौकशी करा. साधारणपणे आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा (घरपट्टीची पावती किंवा लाइट बिल), कुत्र्याचा फोटो आणि रेबीज लसीचं प्रमाणपत्र लागतं. शुल्क आणि मुदत ज्याच्या त्याच्या पालिकेची. गावात राहत असाल तर लसीचं कार्ड तरी जपून ठेवा. कुणाला चावला की पहिला प्रश्न त्याच कार्डाचा येतो. शिवाय सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा शिक्का त्यावर असला की समोरचा आवाज आपोआप खाली येतो.

जातीचा कागद म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी, मुख्यालय चेन्नईत. पिल्लू विकणाऱ्याने आधी स्वतःच्या नावावर पिलांची नोंद करायची आणि मग मालकी घेणाऱ्याच्या नावावर वर्ग करून द्यायची असते. ‘पेपर नंतर पाठवतो’ असं म्हणणाऱ्याकडून पेपर येत नाहीत, हा माझा पंधरा वर्षांचा अनुभव. नोंदणीसाठी मायक्रोचिप लागते: तांदळाच्या दाण्याएवढी, मानेजवळ कातडीखाली, 15 आकडी नंबरची. नंबरचे स्टिकर मिळतात. एक लसीच्या कार्डावर चिकटवा, एक घरात ठेवा.

नोंदणी नसेल तर कुत्रा डमी आणायचं शिकणार नाही, असं नाही. मात्र केनेल क्लबच्या आज्ञाधारकतेच्या चाचण्यांत उतरायचं असेल, जिथे लाकडी डंबेल उचलून आणायला सांगतात, तर कागद हवा. इंग्लंड-अमेरिकेतल्या फील्ड ट्रायल आणि हंट टेस्टचं (शिकारी कुत्र्यांच्या मैदानी परीक्षांचं) नाव मात्र काढू नका. अमेरिकन केनेल क्लबच्या ‘ज्युनिअर हंटर’ पदवीला चार वेळा उत्तीर्ण व्हावं लागतं, आणि तिथे पक्षी खरे असतात. ते इथे होणे नाही.

आणि परदेशातून ‘वर्किंग लाइन’चा, म्हणजे कामासाठीच पैदास केलेल्या वंशातला, कुत्रा मागवायची स्वप्नंही आवरा. 25 एप्रिल 2016 च्या अधिसूचनेने विक्रीसाठी आणि पैदाशीसाठी कुत्र्यांची आयात बंद झाली. मालकाबरोबर येणारा पाळीव कुत्रा, संशोधन, आणि पोलीस-संरक्षण दलांची गरज यांनाच मुभा आहे.

प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्याने काय करायचं

मला विचारणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. “मी पैदास करत नाही, फक्त शिकवतो, मग मला कशाला नोंदणी?” प्राणी क्लेश प्रतिबंधक (श्वान पैदास व विपणन) नियम, 2017 मधली ‘ब्रीडर’ची व्याख्या वाचा. पैदास करून विकणारा तर त्यात आहेच, पण दुसऱ्याचा कुत्रा मुक्कामाला ठेवणारा, म्हणजे बोर्डिंग चालवणाराही आहे. रिट्रीव्हरचं प्रशिक्षण दिवसाला तासभर येऊन होत नाही. लोक कुत्रा दोन-तीन महिने ठेवून जातात. म्हणजे तुम्ही बोर्डिंगवाले झालात.

नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे. अर्ज ठरावीक नमुन्यात, शुल्क 5,000 रुपये, ते परत मिळत नाही. नंतर तपासणी होते, तीत पशुवैद्यकही असतो. प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षं, आणि ते दर्शनी भागात लावायचं असतं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माणसाने आधी आपल्या जिल्ह्याच्या पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात जाऊन सध्याचा नमुना आणि भरण्याची पद्धत विचारून घ्यावी. दुसऱ्याच्या फॉर्मची झेरॉक्स वापरू नये.

जागेच्या कागदापाशी गाडी अडते, ती माझीही अडली होती. माझं श्वानगृह शेतात. सातबारा वडिलांच्या नावावर, लाइट मीटर मोठ्या काकांच्या नावावर, अर्ज माझ्या नावावर. एका कार्यालयातून अर्ज परत आला, शेरा फक्त ‘त्रुटी’. कुठली त्रुटी, ते कळायला तीन हेलपाटे. शेवटी वडिलांचं आणि काकांचं संमतीपत्र स्टॅम्पपेपरवर केलं, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला जोडला, सातबाऱ्याचा ताजा उतारा डिजिटल सहीचा काढला, तेव्हा अर्ज पुढे सरकला. नियमात या प्रत्येक कागदाचं नाव शोधून सापडणार नाही. पण तपासणीला येणारा माणूस ‘ही जागा तुमची कशी?’ हे विचारणारच. खान्देशात एकत्र कुटुंबाच्या जमिनी अजून बऱ्याच आहेत, म्हणून इतकं सांगितलं.

पशुवैद्यकाचं पत्रही आधीच घेऊन ठेवा: नियमित तपासणी करतो, आजारी कुत्रा वेगळा ठेवायची सोय पाहिली, असं. तपासणीत पाणी, सावली, सांडपाणी, नर-मादी वेगळे ठेवण्याची सोय बघतात. जागेचा हातानं काढलेला नकाशा चालतो, फक्त फूट लिहा.

पैदासही करणार असाल तर लक्षात ठेवायचं ते हे. मादी 18 महिन्यांच्या आत लावायची नाही, वर्षातून एकदाच, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत नाहीत. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही, आणि शेपूट-कान कापायचे नाहीत. वर्षभरात किती विकले, किती दिले, किती मुक्कामाला ठेवले याचा वार्षिक अहवाल मंडळाला द्यावा लागतो. नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा, वर्षाअखेर आठवून लिहिलेली वही लगेच ओळखू येते.

मारझोडीबद्दल एक. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, 1960 मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये आहे, चहा-पोह्याइतका. त्यावर कुणी विसंबू नये. प्राण्याला मारणं किंवा जायबंदी करणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली येतं, तिथे 5 वर्षांपर्यंत कैद आहे. आणि काठी दाखवून शिकवलेला लॅब्रेडॉर डमी आणतो खरा, पण चार फुटांवर टाकून उभा राहतो. हातात देत नाही.

शेततळ्यावरची पहिली डमी

डमी विकत मिळते, पण मी घरीच करतो. जुन्या गोणपाटाची गुंडाळी, आत कापूस, बाहेरून सुतळी, एका टोकाला हातभर दोरी. पिल्लू तीन-चार महिन्यांचं असताना ओसरीवर पाच-सहा फेऱ्या, बस्स. खेळ संपायच्या आधीच डमी उचलून ठेवायची, म्हणजे त्याला उद्याची ओढ राहते. शिस्तीचं काम सहा महिन्यांनंतर: बसून राहणं, डमी पडताना हलणं नाही, नाव घेतल्यावरच जाणं. शिट्टीचा एक लांब सूर म्हणजे बस, लागोपाठ छोटे सूर म्हणजे परत ये. लपवलेली डमी हाताच्या इशाऱ्यावर शोधणं हे शेवटी. वर्षभराच्या आत उंच उड्या नकोत, या जातीचे कुल्ल्याचे सांधे नाजूक असतात.

आवाजाची सवय बंदुकीने लावायची गरज नाही. मी ताटलीवर चमचा वाजवून सुरू करतो, कुत्रा जेवत असताना, पन्नास पावलांवरून. मग दोन फळ्या एकमेकींवर आपटतो. बिनगोळीचं पिस्तूल वगैरे आणायच्या भानगडीत पडू नका. शस्त्र कायद्याची चौकशी मागे लागेल आणि कुत्र्याला त्याची पर्वा नसते.

पाण्याचं काम मात्र जपून. आपल्याकडे प्लास्टिक कागदाची शेततळी झाली आहेत. कुत्रा आनंदाने उडी मारतो, डमी धरतो, आणि मग उतारावर पाय घसरत राहतात. मी एकदा माझ्या चिंगीला तसं पाहिलंय: डमी तोंडातून सोडायला तयार नाही, पुढचे पाय कागदावर सरकताहेत, डोळे माझ्याकडे. मी दोरी धरून उतरलो तेव्हा तिची दमछाक झाली होती, आणि कागदाला नखांनी तीन चिरा पडल्या होत्या. तेव्हापासून काठावर जुनी गोणपाटं आणि जाळी एकत्र शिवून पायरी सोडतो, वरून दोरीने बांधलेली. ती नसेल तर तळ्यात कुत्रा नाही.

हतनूर धरणाच्या फुगवट्यावर किंवा अनेर धरणाच्या बाजूला सराव करायचा मोह होतो. अनेर धरण अभयारण्य आहे, तिथे नकोच. हतनूरला हिवाळ्यात परदेशी बदकं उतरतात, आणि त्यांच्यामागे पोहणारा कुत्रा म्हणजे ‘हाकणं’ हे आधी सांगितलंच. सराव आपल्या विहिरीच्या, तळ्याच्या शेतातच.

आणि ऊन. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. मार्चपासून सराव पहाटे, सूर्य वर यायच्या आत आवरायचा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. 40 च्या पुढे गेलं, जीभ रुंद होऊन लोंबली, हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या की डमी गेली खड्ड्यात: अंगावर पाणी, पंखा, आणि दवाखाना.

शिरपूरच्या दादाला मी तीन कामं सांगितली. पिल्लू विकणाऱ्याला फोन करून जन्मतारीख विचार, पिलाला रेबीजची लस दे, चिप बसव. रात्री त्याने फोटो पाठवला. पिल्लू 36 दिवसांचं असताना विकलेलं, चिप नाही, कागद नाही, गळ्यात लाल रिबीन. दुसऱ्या फोटोत त्याच पिलाने आजीची चप्पल तोंडात धरलेली, एकाही दाताची खूण न उमटवता.