परदेशात माल पाठवायचाय? आधी आयईसी काढा

संत्रा बर्फीला दुबईहून मागणी आली किंवा सावजी मसाल्याची कुणी लंडनहून चौकशी केली, की आपण आधी भाव आणि भाड्याचा हिशेब मांडतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी कागद लावून घ्या. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड नसेल, तर माल कस्टम्सपुढे सरकत नाही.

हा कोड परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी देतं. एकट्याची दुकानदारी असो, भागीदारी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), कंपनी, ट्रस्ट किंवा हिंदू अविभक्त कुटुंब, सगळ्यांना तो मिळतो. उलाढालीची अट नाही. एका पॅनवर एकच आयईसी निघतो, आणि त्याचा नंबर म्हणजे तुमचा पॅनच. आयटी पार्कमधून फक्त सेवा देणाऱ्यांना मात्र परकीय व्यापार धोरणातल्या सवलती नको असतील, तर आयईसीची गरज नाही.

कागद मोजकेच लागतात: पॅन, पत्त्याचा पुरावा (वीजबिल, भाडेकरार किंवा खरेदीखत) आणि कॅन्सल चेक. अर्ज अडकतो तो बहुतेक या चेकपाशी. त्यावर खातेदाराचं नाव छापलेलं हवं. ते नसेल तर बँकेकडून प्रमाणपत्र घ्या. भागीदारी असेल तर पॅन आणि खातं दोन्ही फर्मच्या नावाचं लागतं, भागीदाराचं चालत नाही.

अर्ज डीजीएफटीच्या संकेतस्थळावर घरबसल्या होतो. मोबाइल आणि ईमेलवरच्या ओटीपीने नोंदणी करायची, माहिती भरायची, आधार ओटीपीने किंवा डिजिटल सहीने सही करायची आणि ५०० रुपये भरायचे. सरकारी शुल्क एवढंच आहे. हुबेहूब सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं याच कामाचे हजारो रुपये घेतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, हे पाहूनच पैसे भरा.

कोड हाती आला म्हणजे सगळं झालं असं नाही. बँकेकडून एडी कोडचं, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँकशाखेच्या ओळख क्रमांकाचं पत्र घेऊन त्याची कस्टम्सच्या ‘आइसगेट’ या संकेतस्थळावर नोंद करावी लागते, तीही जिथे माल कस्टम्समधून सुटणार त्या ठिकाणासाठी. नागपुरात अजनीच्या कंटेनर डेपोत कस्टम्सचं काम उरकून कंटेनर रेल्वेने न्हावाशेवा बंदरात जाणार असेल, तर नोंद अजनीची हवी. संत्री किंवा इतर फळं-भाज्या पाठवणाऱ्यांनी अपेडाचं, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं नोंदणी-सदस्यत्व प्रमाणपत्र घ्यावं. ताज्या फळांसोबत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रही लागतं.

संत्र्याच्या बाबतीत आणखी एक सांगावंसं वाटतं. आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. तिथे आयात शुल्क वाढत गेलं, तशी निर्यात घसरली आणि झळ थेट विदर्भातल्या काटोल-वरूडच्या बागांना बसली. आयईसी सगळ्या देशांसाठी एकच असतो, वेगळा काढावा लागत नाही. म्हणून दुसरा देश शोधायला पहिल्याच वर्षी लागा.

आयईसीला मुदत नाही, पण दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती डीजीएफटीच्या संकेतस्थळावर पडताळावीच लागते. काहीही बदललं नसलं तरी. माझ्या ओळखीच्या एका मसालेवाल्याने ती पडताळणी केली नाही, कोड निष्क्रिय झाला, आणि ते कळलं माल पॅक झाल्यावर. आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, म्हणजे एलयूटीही दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावं लागतं. दोन्ही कामं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकाच बैठकीत उरका.