अक्कलदाढ काढल्यावरची घरची काळजी

अक्कलदाढ म्हणजे सगळ्यात मागची, तिसरी दाढ. साधारण १७ ते २५ वयात येते, जागा पुरली नाही की आडवी अडकते, मग हिरडी कापून आणि कधीकधी हाड थोडं तासून ती काढावी लागते. नावातली ‘अक्कल’ मूळची अरबी, मराठीत बहुधा फारसीमार्गे आलेली. लॅटिनमध्येही हिला शहाणपणाचाच दात म्हणतात आणि ती कल्पना पार ग्रीकांपर्यंत मागं जाते, त्यामुळं हे नाव आपल्याकडं वेगळं सुचलं असं मानण्यापेक्षा भाषांतरातून फिरत आलं हेच जास्त पटतं.

घरी आल्यावर जपायची ती दाढेच्या रिकाम्या खळग्यात धरलेली रक्ताची गुठळी. जखमेवर ठेवलेला गॉज, म्हणजे जाळीदार कापडाचा बोळा, ३० ते ४५ मिनिटं घट्ट चावून धरायचा, सारखा काढून बघायचा नाही. पहिले २४ तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही. जेवण झालं की खळखळून चूळ भरायची आपली सवय, त्यामुळं हे फार जड जातं. लाळ गुलाबी दिसली की माणूस घाबरून थुंकत बसतो आणि त्या थुंकण्यानंच रक्त परत सुरू होतं. लाळ गिळावी, डोक्याखाली एक उशी जास्त घ्यावी, उशीवर जुना टॉवेल टाकावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, त्यापण हळू, पाणी तोंडात नुसतं फिरवून सोडून द्यायचं.

गुठळी गेली की हाड उघडं पडतं, यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. हे नाव दंतवैद्य क्रॉफर्ड यांनी १८९६ मध्ये वापरलं. कारणावर मात्र बराच वाद आहे, जुने लोक जंतुसंसर्गाकडं बोट दाखवायचे, तर डेन्मार्कचे संशोधक बिर्न यांनी १९७३ च्या लेखात गुठळी शरीरातल्याच द्रव्यांनी वेळेआधी विरघळते असं मांडलं. आज याच मताकडं कल जास्त आहे आणि जंतूंचा त्याला हातभार लागतो असं धरतात. खालच्या अक्कलदाढेत हे इतर दातांपेक्षा बरंच जास्त होतं. दुखणं तिसऱ्या दिवसाच्या आसपास उलट वाढतं, कानापर्यंत ठणकतं, तोंडाला घाण वास येतो. खळग्यावर पांढुरका थर दिसला तर तो बहुतेक वेळा पू नसतो, भरत आलेल्या जखमेचाच असतो, काडीनं खरवडू नये. लवंगेचं तेलपण स्वतःच्या मनानं खळग्यात ओतू नये, भाजतं.

खाण्यात मऊ भात, ताकभात, थंड आंबील, तापवून गार केलेलं दूध. मिसळीचा कट आणि तांबडा रस्सा आठवडाभर लांबच ठेवायचा हे कुणालाही कळतं, पण पांढरा रस्सा सौम्य म्हणून घरचे आग्रहानं वाढतात, त्यात मिरी असते आणि तो पितातही कढत, तेव्हा तोपण नको. मिश्री, तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद. गावाकडच्या बायकांना मिश्री सोडायला सांगणं अवघड असतं, तरी हे आधीच स्पष्ट बोलावं, कारण बोट हिरडीवर फिरलं की टाकेच दुखावतात.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, १५-२० मिनिटं ठेवून मध्ये थांबायचं. तोंड कमी उघडणं काही दिवस चालतं. टाके विरघळणारे नसतील तर आठवड्यानं काढतात. रक्त दाबूनही थांबेना, ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.