चष्म्याचा नंबर आणि अर्धा मिलिमीटर

चष्मेवाल्याचे हाल बघायचे तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, एप्रिलच्या दुपारी बघावेत. घामाने फ्रेम नाकावरून घसरते, काचेवर कापसाचं तूस बसतं, आणि तुटलेला धागा जोडायला वाकायचं तर आधी शर्टाच्या टोकाने काच पुसायची. माझ्या भाच्याचा नंबर उणे चार. परवा जेवताना म्हणाला, "मामा, लेझरने नंबर जातो म्हणं. पण डोळा जाळतात का हो?"

जाळत नाहीत. 1981 साली अमेरिकेत, आयबीएमच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच दिसलं. मूळचे मद्रासकडचे रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं हाड लॅबमध्ये आणलं आणि त्याच्या कूर्चेवर एक्सायमर लेझर सोडला. साध्या हिरव्या लेझरने कडा करपल्या होत्या. एक्सायमरच्या 193 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांनी मात्र स्वच्छ खाच पडली. हे किरण रेणूंमधले बंधच तोडतात आणि उष्णता शेजारी पसरायच्या आत तो थर उडून जातो. तरीही शस्त्रक्रियेच्या वेळी जळलेल्या केसांसारखा वास येतो. तो उडालेल्या पेशीजालाचा. हे आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस टेबलावरच घाबरतो.

हे सगळं घडतं पारपटलावर, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक काचेवर. तिची मधली जाडी सुमारे 540 मायक्रॉन, जेमतेम अर्धा मिलिमीटर. जवळचं दिसतं पण लांबचं अंधुक, अशा डोळ्यात तिचा मधला भाग थोडा सपाट करायचा. 6 मिलिमीटर रुंदीच्या भागात एका नंबरामागे साधारण 12 मायक्रॉन काढावे लागतात. भाच्याचे चार नंबर म्हणजे 48 मायक्रॉन, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. लेझरचा एक ठोका जेमतेम पाव मायक्रॉन काढतो. कुठे किती ठोके द्यायचे, हे डोळ्याच्या नकाशावरून संगणक ठरवतो. जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या कार्डावरून चादरीवर मोर उमटतो ना, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथलं कापड जिवंत असतं आणि हलतं, म्हणून यंत्र नजरेमागे फिरत राहतं.

नंबर काढायच्या लॅसिक या शस्त्रक्रियेत आधी सुमारे 100 ते 120 मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात, खाली लेझर चालवतात आणि पापुद्रा परत बसवतात. पूर्वी तो पात्याने कापत, आता बऱ्याच ठिकाणी फेम्टोसेकंद लेझरने. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक हजार लाख कोटीवा भाग. हे ठोके पारपटलाच्या आत, वरचा थर न फोडता बारीक बुडबुडे करतात आणि थर सुटतो. असे तीव्र ठोके निर्माण करण्याच्या पद्धतीसाठीच जेरार मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांना 2018 चं नोबेल मिळालं.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे स्माइल. यात पापुद्रा नाहीच. फेम्टोसेकंद लेझर आतल्या आत भिंगाच्या आकाराची चकती कोरतो आणि डॉक्टर ती 2 ते 4 मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढतात. लॅसिकमध्ये ही चीर जवळपास 20 मिलिमीटरची असते, त्यामुळे जास्त नसा कापल्या जातात आणि काही महिने डोळे कोरडे वाटतात. आपल्या कोरड्या, धुळीच्या हवेत हा फरक लहान नाही. पण थोडा नंबर शिल्लक राहिला तर स्माइलनंतर पुन्हा दुरुस्ती करणं जास्त किचकट. त्यामुळे 'नवं ते चांगलं' हे जाहिरातवाल्यांचं गणित मला काही पटत नाही.

माझ्या मते खरी परीक्षा लेझरची नाही, आधीच्या तपासणीची. पारपटल पातळ असेल किंवा नकाशा वेडावाकडा असेल तर चांगला डॉक्टर सरळ नाही म्हणतो. तसाच लेझर मारला तर पारपटल पुढे फुगत जाऊ शकतं. भाच्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या: वर्षभर नंबर स्थिर राहू दे, आणि तूस गेलं की डोळे चोळायची सवय आधी सोड.

तपासणीला त्याच्यासोबत गेलो तेव्हा मीही विचारून घेतलं, माझ्या चाळिशीचं काय? डॉक्टर हसले. चाळिशी पारपटलाची नाही, आतलं भिंग ताठर झाल्याची. परत येताना नवी पेठेतून वाचायचा चष्मा घेतला.