आरसी नावावर झाली, विमा झाला का?

सेकंड हॅन्ड डिझायर, अमेझ, ऑरा किंवा टिगोर घेतलेल्या माणसाला "कागदपत्रं झाली का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "हो, आरसी आली नावावर." आणि विमा? "तो चालू आहे की, पुढच्या वर्षापर्यंत." हे दुसरं उत्तर ऐकलं की मला काळजी वाटते. गाडी नावावर होणं आणि विमा नावावर होणं ही दोन स्वतंत्र कामं आहेत. अर्ज वेगळे, जागा वेगळ्या. आरटीओत आरसीवरचं, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचं, नाव बदललं म्हणून पॉलिसीवरचं नाव आपोआप बदलत नाही. तरीही चांगले शिकलेले, व्यवहारात काटेकोर असलेले लोक पहिलं काम जिवाच्या आकांताने करतात आणि दुसरं कुणी तरी केलंच असेल असं धरून चालतात.

याचं मूळ नव्या गाडीच्या सवयीत आहे. शोरूममध्ये रजिस्ट्रेशन, विमा, कर्ज, सगळं एकाच टेबलावर होतं. सह्या तुम्ही करता, बाकीचं डीलर बघतो. विमा आणि आरसी एकाच नावाने जन्माला येतात, त्यामुळे त्या दोन गोष्टी आहेत हे लक्षातच येत नाही. जुन्या गाडीत हे टेबल नसतं.

नवी घ्यावी की जुनी, हा वाद इथे लांबवत नाही. एवढंच सांगतो, की 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट 29 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. कॉम्पॅक्ट सेडान नेमक्या याच चौकटीत बसतात. त्यामुळे दोन-तीन वर्षं वापरलेल्या गाडीची किंमत "नवी एवढ्याला घेतली होती" या आधारावर सांगणाऱ्याशी बोलणं वाढवू नका. आज शोरूममध्ये तीच गाडी काय भावाने मिळते ते बघा आणि तिथून खाली या.

आता आरसी. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून भराभर. फॉर्म 29 म्हणजे गाडी विकल्याची सूचना, फॉर्म 30 म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28, आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो; दिल्लीची स्वस्त गाडी इथे येईपर्यंत स्वस्त राहत नाही, ती याचमुळे. राज्यातल्या राज्यात, एमएच 09 ची गाडी एमएच 12 मध्ये आणली तर पुन्हा रोड टॅक्स नाही. विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत.

विकणाऱ्यासाठी मात्र एक गोष्ट थांबून सांगायला हवी. सही केलेले कोरे टीटीओ फॉर्म (मालकी बदलण्याचे, म्हणजे वरचे 29 आणि 30) एजंटच्या हातात देऊन पैसे मोजून घरी येणं ही आपल्याकडची फार वाईट सवय आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे, की अपघात झाला त्या दिवशी आरसीवर ज्याचं नाव, तो कायद्याने मालक. त्या प्रकरणातली गाडी एकाच्या हातून दुसऱ्याच्या, तिथून तिसऱ्याच्या हातात गेली होती. नुकसानभरपाईची जबाबदारी मात्र आरसीवर नाव असलेल्या मूळ मालकावर आली. म्हणून एजंटचं "होऊन जाईल साहेब" मनावर घेऊ नका, आरटीओची पावती मागा.

इथपर्यंत लोक सावध असतात. खरा घोटाळा पुढे आहे.

गाडीच्या विम्यात दोन भाग असतात. थर्ड पार्टी, म्हणजे टीपी: तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. आणि ओन डॅमेज, म्हणजे ओडी: तुमच्याच गाडीचं नुकसान झालं किंवा ती चोरीला गेली तर. लोक याला "फुल इन्शुरन्स" म्हणतात आणि एकच वस्तू समजतात. गाडी विकली जाते तेव्हा मात्र हे दोन भाग दोन वेगळ्या वाटांनी जातात.

मोटार वाहन कायद्याचं कलम 157 सांगतं, की गाडीची मालकी बदलली की विमाही नव्या मालकाकडे गेला असं मानलं जाईल. एजंट मंडळी याच कलमाचा हवाला देऊन "विमा गाडीबरोबर येतो" असं छातीठोकपणे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये कंप्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स या निकालात सांगितलं, की हे आपोआप जाणं फक्त थर्ड पार्टीपुरतं आहे. रस्त्यावरच्या तिऱ्हाईताला भरपाई मिळावी म्हणून कायद्याने ती सोय केली आहे. तुमच्या स्वतःच्या गाडीचा ओडी हा विमा कंपनी आणि पॉलिसीवर नाव असलेला माणूस यांच्यातला करार आहे. त्या करारात तुम्ही नाही. कंपनीने तुमचं नाव घेतल्याशिवाय तुम्ही त्यात येतही नाही.

हे कसं अंगावर येतं ते बघा. समजा, तुम्ही 1 जूनला पुण्यात एक अमेझ घेतली. कागद नीट केले, 25 जूनला आरसी तुमच्या नावावर झाली. पॉलिसीवर जुन्या मालकाचंच नाव, मुदत डिसेंबरपर्यंत. जुलैच्या पावसात गाडी दुभाजकावर चढली, पुढचा भाग गेला. तुम्ही क्लेम टाकता. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला आलेला माणूस, आरसी बघतो, पॉलिसी बघतो आणि दोन नावं जुळत नाहीत. जुन्या मालकाला क्लेम मिळत नाही, कारण गाडी त्याची राहिलेली नाही. त्याचं काही नुकसानच झालेलं नाही. तुम्हाला मिळत नाही, कारण कंपनीचा तुमच्याशी करार नाही. प्रीमियम पूर्ण भरलेला, मुदत शिल्लक, पॉलिसी खरी, आणि तरीही बंपर, हेडलाइट, रेडिएटर, एअरबॅग यांचा खर्च तुमच्या खिशातून.

यातली आणखी एक बाजू फार कमी लोकांच्या ध्यानात येते. आरसी बदलेपर्यंत जुना मालक कायद्याच्या नजरेत अजून मालक असतो. 2020 मध्ये एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर विमा कंपनीला पैसे द्यायला लावले: विक्री ठरली होती, पण नाव बदललं नव्हतं, म्हणून पॉलिसीधारकाचा क्लेम टिकला. म्हणजे आरसी तत्परतेने नावावर केली आणि विमा तसाच ठेवला, तर ओडीच्या बाबतीत तुम्ही सर्वांत उघडे असता. अर्थात, आरसी लांबवा असा याचा अर्थ कुणी काढू नये. ते विकणाऱ्याला खड्ड्यात घालणं आहे. दोन्ही कामं बरोबर चालली पाहिजेत, एवढाच अर्थ.

आता "विमा चालू आहे" या वाक्याकडे येऊ. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा टीपी सक्तीचा आहे. ओडी मात्र साधारणपणे एकाच वर्षाचा दिला जातो आणि पुढे दरवर्षी वेगळा घ्यावा लागतो. बाजारात दोन-अडीच वर्षं वापरलेली सेडान येते तेव्हा तिचा टीपी बहुतेक वेळा चालूच असतो. ओडी कदाचित वर्षभरापूर्वीच संपलेला असतो. विकणारा खोटं बोलत नसतो, विमा चालू आहेच. पण त्या विम्यात तुमच्या गाडीच्या एका आरशाचेही पैसे मिळत नाहीत. सरकारी ॲपवर विम्याची एकच तारीख दिसते. ती कशाची आहे ते तिथे कळत नाही. त्यामुळे स्क्रीनशॉटवर समाधान मानू नका, पॉलिसीची पूर्ण पीडीएफ मागा. पहिल्याच पानावर दोन मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात, एक ओन डॅमेजची, एक लायबिलिटीची, म्हणजे टीपीची. एकच मुदत दिसली तर प्रीमियमचा तक्ता बघा. ओडीच्या रकान्यात शून्य असेल किंवा रकानाच नसेल, तर तो नुसता टीपी आहे. 2022 च्या दरांनुसार 1000 ते 1500 सीसीच्या कारचा टीपी वर्षाला 3,416 रुपये आणि वर जीएसटी असा होता. साधारण तेवढीच रक्कम दिसली तर "फुल इन्शुरन्स" हा शब्द तिथेच सोडून द्या.

टीपी आणि ओडी दोन वेगळ्या कंपन्यांचे असू शकतात, हेही ध्यानात ठेवा. 2019 पासून सुटा ओडी मिळतो. तसं असेल तर नाव बदलण्याचे अर्जही दोन.

आता करायचं काय? कायद्याने घेणाऱ्याने 14 दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. जुन्या पॉलिसीची प्रत, आरटीओत दिलेल्या फॉर्म 29 आणि 30 च्या प्रती, पावती, जुन्या मालकाचं संमतिपत्र, तुमचं केवायसी. बऱ्याचदा कंपनी नवी आरसी मागते आणि ती यायला 14 दिवसांहून जास्त लागतात. मग लोक थांबतात. थांबू नका. आहे त्या कागदांवर अर्ज करा, ईमेलची पोच ठेवा, आरसी आली की त्याच अर्जाला जोडा. आणि ओडीत तुमचं नाव घातल्याची एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदल केल्याचा कंपनीचा कागद, हातात आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. "रिक्वेस्ट रजिस्टर झाली आहे" हा मेसेज म्हणजे एंडोर्समेंट नव्हे.

माझं स्पष्ट मत असं, की विक्रीच्या दिवशी टीटीओ फॉर्मवर सही घेताना त्याच टेबलावर विम्याच्या संमतिपत्रावरही जुन्या मालकाची सही घ्यावी. नंतर तो फोन उचलेल याची खात्री नसते. ओडीचे महिना-दोन महिनेच उरले असतील, तर मी नाव बदलण्याच्या भानगडीत न पडता आरटीओचे कागद दाखवून स्वतःच्या नावाने नवा ओडी घेणं पसंत करतो. थोडे पैसे जास्त जातात, पण मधली फट राहत नाही. आणि मालकासाठीचा 15 लाखांचा अपघात विमा जुन्या मालकाच्या नावाचा असतो, तो तुमच्या कामाचा नाही. स्वतःचा वेगळा घ्या.

नो क्लेम बोनसवरून उगाच भांडणं होतात. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या मालकाने पाच वर्षं क्लेम न घेऊन 50 टक्के सूट कमावली असेल, तर ती तो स्वतःच्या पुढच्या गाडीला नेणार. नाव बदलताना तेवढा फरक तुमच्याकडून वसूल होतो. सौदा ठरवतानाच हा खर्च धरा. तुम्ही स्वतःची जुनी कार विकून ही घेत असाल, तर तुमचा बोनस इथे लावून घ्या. त्यासाठी जुन्या कंपनीचं पत्र लागतं आणि ते तीन वर्षं चालतं. झिरो डेप, आयडीव्ही, रोडसाइड असिस्टन्स यांवर लोक तासन्तास बोलतात. पॉलिसीवर नाव दुसऱ्याचं असेल तर त्यातलं काहीही तुमच्या उपयोगाचं नाही.

सेडानच्या बाबतीत दोन गोष्टी खास तपासा. डिझायर, एक्सेंट, अमेझ या गाड्या टॅक्सीत प्रचंड चालल्या आहेत. पिवळी पाटी उतरवून पांढरी लावलेली गाडी घेणं बेकायदा नाही, पण आरसीवरचा वाहनाचा प्रकार "मोटर कॅब"च राहिला असेल आणि पॉलिसी खासगी कारची असेल, तर क्लेमच्या वेळी वाद होणारच. आरसीवरचा प्रकार आणि पॉलिसीवरचा प्रकार शब्दशः जुळवा. दुसरं, डिकीत बाहेरून बसवलेला सीएनजी सिलिंडर. तो आरसीवर चढवलेला हवा, पॉलिसीत त्याचा वेगळा प्रीमियम दिसायला हवा आणि सिलिंडरची तीन वर्षांनी करायची चाचणी झालेली हवी. आरसीवर नुसतं "पेट्रोल" आणि डिकीत सिलिंडर, अशी गाडी कितीही चकचकीत असली तरी किट आरसीवर चढेपर्यंत मी टोकन देत नाही.

गाडी थेट मालकाऐवजी जुन्या गाड्यांच्या डीलरकडून घेत असाल, तर त्याच्याकडे आरटीओचं प्राधिकारपत्र आहे का ते विचारा. 1 एप्रिल 2023 पासूनच्या नियमांनुसार गाडी अधिकृत डीलरच्या ताब्यात दिल्याचं फॉर्म 29सी ने आरटीओला कळवलं जातं आणि विकेपर्यंत तो डीलर मानीव मालक असतो, म्हणजे कायदा त्यालाच मालक मानतो. त्याच्या "इन्शुरन्स आम्ही करून देतो" या आश्वासनाला पैसे मोजायच्या आधी तारीख लावून घ्या, आणि एंडोर्समेंट येईपर्यंत सौद्यातले काही हजार मागे ठेवायला तो तयार आहे का ते विचारा. तयार नसेल, तर दुसरी डिझायर बघा. बाजारात त्यांची कमी नाही.