२०० मीटर लांब नळ आणि पाऊण इंची पाईप

कोकणातल्या आमच्या घराला गावच्या लाईनपासून जवळपास २०० मीटर पाईप टाकावा लागला, आणि पहिल्या वेळी आम्ही पाऊण इंचीच टाकला, कारण सगळ्यांचं एकच म्हणणं, पाईप बारीक असला की प्रेशर चांगलं येतं. पाणी सकाळी ४० मिनिटं यायचं आणि तेवढ्यात ५०० लिटरची टाकी पाऊणच भरायची. पण नळ बंद करून गेज (प्रेशर मोजायचं घड्याळ) लावला तर काटा बरोबर १ किलोवर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो! मग पाणी अडतंय कुठे?

तर बघा, पाणी थांबलेलं असताना प्रेशर फक्त उंचीवर ठरतं, १० मीटर उंचीला साधारण १ किलो, तिथे पाईप बारीक की जाड याने काहीच फरक पडत नाही. पाणी वाहायला लागलं की मात्र ते आतून पाईपला घासत जातं आणि दर मीटरला थोडं थोडं प्रेशर खर्च होतं. मिनिटाला २० लिटर पाणी हवं असेल तर आतून २० मिमीच्या, म्हणजे आमच्या पाऊण इंची पाईपमधे २०० मीटरला जवळपास १५ मीटर उंचीएवढं प्रेशर घासण्यातच जातं. आमच्याकडे होतंच १० मीटर, त्यातले ६ पाणी छपराजवळच्या टाकीत चढवायला. तोच पाईप आतून २६ मिमी असेल तर खर्च साधारण सव्वाचार मीटर, कारण घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने कमी होतं. नळीच्या तोंडाशी बोट दाबलं की पाणी लांब उडतं हे खरं, पण ती फक्त शेवटच्या टोकाची गोष्ट आहे, अख्खी लाईनच बारीक केली तर पाणी टोकाला पोचेपर्यंतच दमतं.

मग आम्ही ३२ मिमीचा काळा एचडीपीई, म्हणजे लवचिक प्लास्टिकचा पाईप घेतला. एक लक्षात ठेवा, एचडीपीईचं माप बाहेरून असतं, त्यामुळे ३२ म्हणजे साधारण एक इंची, आणि जास्त प्रेशरचा पाईप घेतला की भिंत जाड होऊन आतली जागा अजून कमी होते, हे दुकानात विचारून घ्याच. गुंडाळीत येतो म्हणून जॉइंट कमी, आणि लांब लाईनला मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पाणी ठराविक वेळच येतं, बाकी वेळ लाईन रिकामी, तेव्हा गळक्या जॉइंटमधून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं.

पीव्हीसीला सोल्युशन लावतात ते चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. एचडीपीई त्या सोल्युशनमधे विरघळतच नाही, म्हणून कितीही फासलं तरी उपयोग शून्य. त्याला एकतर तापवून वेल्डिंग, नाहीतर कॉम्प्रेशन फिटिंग, म्हणजे नट आवळून रबरी रिंगने पाईप पकडणारा जोड. फिटिंग असेल तर पाईप सरळ कापा, कडा तासा आणि रबरी रिंगच्या पुढे जाईपर्यंत दाबा, बऱ्याच जणांचा पाईप रिंगपाशीच थांबतो आणि नट घट्ट दिसतो म्हणून सोडून देतात. लोखंडी आटे प्लास्टिकच्या फिटिंगमधे पिळू नका, आटे निमुळते असतात, पाचरीसारखे घुसतात आणि प्लास्टिक महिन्याभराने चिरतं. आत पितळी आटे बसवलेलं फिटिंग मिळतं, तेच घ्या.

आणि ऊन! एचडीपीई १ मीटरला दर अंशाला साधारण ०.२ मिमी वाढतो. २०० मीटर पाईप दुपारी तापलेला असताना चरात ताणून टाकला आणि रात्री २० अंशांनी गार झाला तर तो ८० सेंटिमीटर आखडायला बघतो, सगळा ताण जॉइंटवर. म्हणून पाईप चरात नागमोडी टाकायचा आणि माती सकाळी गारव्याला लोटायची. जांभ्याचे टोकदार तुकडे पाईपला टेकू देऊ नका, खाली-वर वाळू नाहीतर चाळलेली माती हवी.

माती लोटायच्या आधी जॉइंट उघडे ठेवून लाईन भरा, हवा काढा, वरचा वॉल्व्ह बंद करून गेज बघा. पहिल्या तासात काटा थोडा उतरेल कारण पाईप स्वतः जरा फुगतो, तेवढ्याने घाबरू नका, पुन्हा प्रेशर भरा. नंतरही उतरतच राहिला तर प्रत्येक जॉइंटखाली कोरडं वर्तमानपत्र ठेवा, थेंब पडला की लगेच दिसतो.