रोज दोन गोळ्या, तरी पूल हिरवा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा पोहण्याचा पूल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हिरवा पडला. गच्च शेवाळ नव्हे, पण उसाच्या रसात बर्फ वितळून पाणी जास्त व्हावं तसा रंग. पूल सांभाळणारे मामा कामाला वाघ. सकाळी सहाला येणार, दोन गोळ्या टाकणार, फिल्टर धुणार, वहीत आकडे मांडणार. वही चाळली तर क्लोरीन २ पीपीएम (एक पीपीएम म्हणजे हजार लिटरमागे एक ग्रॅम), पीएच ७.४. कुठे बोट ठेवायला जागा नाही. कमिटीतल्या एकाने तोडगा काढला, "मामा, उद्यापासून तीन गोळ्या टाका."

घोळ नेमका त्या गोळ्यांतच होता.

बाजारात मिळणारी पांढरी, जाड, साधारण २०० ग्रॅमची गोळी म्हणजे ट्रायक्लोर. क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल यांची मोळी. हे आम्ल उगाच घातलेलं नसतं. उघड्या पुलातला नुसता क्लोरीन उन्हातले अतिनील किरण फोडून टाकतात. मे महिन्याच्या दुपारी दोनेक तासांत बराचसा फस्त. सायन्युरिक आम्ल क्लोरीनला धरून ठेवतं आणि लागेल तसा थोडा थोडा सोडतं. पाण्यात ते ३० ते ५० पीपीएम असलं की काम भागतं.

पण गोळीतला क्लोरीन रोज खर्ची पडतो, आम्ल मात्र पाण्यात राहतं. ते उडून जात नाही, फिल्टरमध्येही अडकत नाही. आमचा पूल २० मीटर लांब, ८ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे दोन लाख लिटर. रोजच्या दोन गोळ्यांनी त्यात साधारण २ पीपीएम क्लोरीन पडतो आणि त्यासोबत १.२ पीपीएम सायन्युरिक आम्ल. महिन्याला ३६. थोडं पाण्याबरोबर बाहेर जातं हे धरलं, तरी गेल्या ऑक्टोबरपासूनचा हिशेब शंभराच्या पुढे जातो.

हे आम्ल मोजायची चाचणी मला फार आवडते. नळीच्या तळाशी एक काळा ठिपका असतो. पुलाच्या पाण्यात मेलामाइनचं द्रावण मिसळलं की ते दुधाळ होतं. मग ते नळीत हळूहळू ओतायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. जितकं आम्ल जास्त, तितका ठिपका लवकर गडप. आमचा तर नळी निम्मी भरायच्या आत गेला. आकडा नळीवरच्या खुणांच्या पलीकडचा, म्हणून नमुन्यात तेवढंच नळाचं पाणी घालून पुन्हा मोजलं आणि आकडा दुप्पट केला. उत्तर आलं १२५च्या आसपास.

मग वहीतला २ पीपीएम क्लोरीन खोटा होता का? नाही. गुलाबी रंग दाखवणारी चाचणी आम्लाने धरलेला क्लोरीनही मोकळ्यात मोजते. बँकेत एफडी आहे, पण रिक्षावाल्याला द्यायला सुटे नाहीत, अशी ती गत. जंतू आणि शेवाळ मारतं ते हायपोक्लोरस आम्ल, आणि सायन्युरिक इतकं साठल्यावर ते नावापुरतं उरतं. अशा पाण्यात शेवाळ रोखायचं तर ९ पीपीएमच्या आसपास क्लोरीन ठेवावा लागला असता. तिसरी गोळी म्हणजे त्याच एफडीत आणखी भर.

पीएचचा जाचही या हायपोक्लोरस आम्लाशीच निगडित. सायन्युरिक नसलेल्या पाण्यात पीएच ७.५ असेल तर निम्मा क्लोरीन कामाचा, ८ झाला की जेमतेम पाव. म्हणून ७.२ ते ७.८चा आग्रह. ट्रायक्लोर स्वतः आम्लधर्मी, त्यामुळे पीएच सारखा खाली ओढला जातो आणि मामा सोडा अॅश घालून तो वर आणतात. त्यात आपल्याकडचं भातसा-उल्हासचं पाणी मुळात मऊ, कॅल्शियम कमी. आम्लधर्मी झालं की ते टाइल्सच्या सांध्यांतला सिमेंट खातं. आमच्या उथळ टोकाला बोटाने चाचपलं तर सांधे खरबरीत, खोलगट लागतात.

साठलेलं सायन्युरिक घालवायचा सोपा मार्ग एकच, पाणी बदलणं. निम्मं बदलायचं तर एक लाख लिटर, म्हणजे दहा हजारी दहा टँकर. घोडबंदरला हे वाक्य उन्हाळ्यात उच्चारायची सोय नाही! पण जून सुरू होता. १६० चौरस मीटरच्या पुलावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १६ हजार लिटर फुकटात जमा. आम्ही तळाच्या जाळीतून सर्क्युलेशन चालू ठेवून तीन वेळा फूट-फूट पाणी सोडलं आणि दर वेळी पावसाला भरू दिलं. सायन्युरिक ५५वर आलं. (पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करायच्या फंदात मात्र पडू नये. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, ते रिकामी टाकी खालून उचलून तडकवू शकतं.) पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, तेव्हा पीएच डळमळू नये म्हणून खाण्याचा सोडा घालून अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरून धरणारी क्षारता, १०० पीपीएमपर्यंत आणली. आणि गोळ्या बंद करून लिक्विड क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सुरू केला. याचे कॅन अॅसिडपासून लांब ठेवायचे. दोन्ही एकत्र सांडले तर क्लोरीन वायू सुटतो. ट्रायक्लोरचं चमचाभर भुकटं ब्लीचिंग पावडरीत पडलं तरी पेट घेऊ शकतं.

हिरवा रंग गेला, पण पाणी दुधाळच राहिलं. आता पाळी वाळूच्या फिल्टरची. मेलेल्या शेवाळाच्या पेशी काही मायक्रॉनच्या, तर वाळूचा एकेक कण अर्ध्या मिलिमीटरचा. धुतलेल्या स्वच्छ वाळूतून त्या आरामात निसटतात. थोडा मळ साचला की वाळूतल्या फटी अरुंद होतात आणि मग बारीक कणही अडकू लागतात. म्हणजे जरा मळलेला फिल्टरच चांगला गाळतो, आणि मामा रोज सकाळी तो धुऊन नव्यासारखा करत होते.

फिल्टर कधी धुवायचा हे त्यावरच्या दाब मोजणाऱ्या गेजची सुई सांगते. आमच्याकडे धुतल्यावर ती ०.८ किलोवर असते. तिथून साधारण अर्धा किलो चढली की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं. आधी पंप बंद, मग हँडल दाबून फिरवायचं. चालू पंपावर फिरवलं की आतला गॅस्केट फाटतो. काचेतून आधी चहाच्या रंगाचं पाणी जाताना दिसतं, दोन-तीन मिनिटांत नितळ होतं. त्यानंतर अर्धा मिनिट रिन्स, म्हणजे पाणी सरळ दिशेने सोडून बाहेर काढणं, नाहीतर उरलेला गाळ पुन्हा पुलात. डोक्याला खोबरेल चोपडून उतरणाऱ्यांमुळे वाळूचे गोळे होतात आणि पाणी त्यांच्यामधून वाट काढून न गाळताच पळतं. पाचसहा वर्षांनी वाळू बदलावीच लागते.

बॅकवॉश आठवड्यावर गेला आणि चौथ्या दिवशी खोल टोकाच्या तळाची जाळी दिसू लागली. मामा मात्र नाराज. "मग सकाळी मी करू काय?" त्यांच्या हातात लांब दांड्याचा ब्रश दिला. शेवाळ भिंतीला धरतं ते आधी सावलीच्या कोपऱ्यांत, शिडीच्या मागे. आता वहीत रोज एक ओळ जास्त असते: "शिडी मागून घासली."