पटिंग (गोल्फ) : शिक्षण आणि सराव

गोल्फमध्ये होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. ग्रीनवर चेंडू जमिनीलगत घरंगळत नेऊन होलमध्ये पाडण्यासाठी जो फटका मारतात तो पट. या फटक्याचे तंत्र म्हणजे पटिंग आणि त्यासाठी वापरायची जवळजवळ उभ्या तोंडाची काठी म्हणजे पटर. मैदानाचे पार, म्हणजे अठरा होल पुरे करायला अपेक्षित फटक्यांची संख्या, ठरवताना प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात, त्यामुळे ७२ पारच्या मैदानावर ३६ फटके, म्हणजे बरोबर निम्मे, पटिंगचे असतात. हौशी खेळाडूचा सराव मात्र या हिशोबाने होत नाही. बादलीभर चेंडू ड्रायव्हरने (लांब फटक्याच्या काठीने) उडवून झाले की घरी निघताना पाच मिनिटे पटर हातात घ्यायचा, अशीच बहुतेकांची रीत असते.

पटिंग उपजत असावे लागते, हा समज फार पसरलेला आहे आणि त्याने पुष्कळ नुकसान केले आहे. या फटक्याला ताकद लागत नाही, उंची लागत नाही, तरुण वयही लागत नाही. पट शिकता येतो. तो शिकणे अवघड जाते याचे मुख्य कारण असे, की चेंडू होलमध्ये पडला की नाही एवढेच पाहून शिकणाऱ्याला आपली चूक कळत नाही.

होलची साक्ष : प्रत्येक पटमध्ये तीन गोष्टी एकत्र येतात. उताराचा अंदाज, चेंडू सुटण्याची दिशा आणि त्याचा वेग. समजा, एका उजव्या हाताच्या खेळाडूपुढे उजवीकडून डावीकडे उतरणारा पट आहे. त्याने उतार कमी धरला आणि नेम हवा त्यापेक्षा डावीकडे लावला. फटका मारताना पटरचे तोंड किंचित उघडे, म्हणजे उजवीकडे वळलेले राहिले, चेंडू उजवीकडे सुटला आणि वळून होलमध्ये पडला. दोन चुकांनी एकमेकींना झाकले. खेळाडूला वाटते, जमले. दहा वेळा असे झाले की चुकीचा नेम आणि चुकीचा फटका दोन्ही अंगवळणी पडतात, आणि डावीकडून उजवीकडे उतरणारा पट समोर आला की त्याच दोन चुका एकाच बाजूला साठून चेंडू भलतीकडे जातो. चांगले प्रशिक्षण या तिन्ही गोष्टी सुट्या करून, एकेक तपासून शिकवते. पटिंगच्या बहुतेक सर्व उपयोगी सरावांमागे हेच तत्त्व आहे.

मापे आणि दिशा : होलचा व्यास १०८ मिमी. असतो, हे माप १८९१ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने ठरवले. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिमी. असावा लागतो. चेंडू हळू पोचणार असेल, तर त्याचे केंद्र होलच्या मध्यापासून साधारण ५.४ सेंमी. पर्यंत सरकलेले चालते. आता ३ मी. अंतरावरून पटरचे तोंड फक्त १ अंशाने फिरले, तर होलपाशी चेंडू सुमारे ५.२ सेंमी. बाजूला जातो, म्हणजे अगदी काठावर. ६ मी. वरून मुभा अर्ध्या अंशाचीच उरते. चेंडू कोणत्या दिशेला सुटेल हे मुख्यतः टक्कर होतानाच्या तोंडाच्या कोनावर ठरते. पटर कोणत्या वाटेने आला याचा वाटा त्यामानाने बराच कमी. म्हणून हात सरळ मागे न्यावेत की कमानीत, या वादात नवशिक्याने शक्ती घालवू नये. तोंड नेमाच्या रेषेला काटकोनात येते आहे की नाही, एवढे त्याने आधी पाहावे.

ते पाहायला कापडाच्या दुकानात असतो तसला लोखंडी मीटर पुरतो. तो घरात सपाट जमिनीवर ठेवून एका टोकाला चेंडू ठेवायचा आणि दुसऱ्या टोकापर्यंत पट्टीवरूनच घरंगळत न्यायचा. पट्टी अरुंद असल्याने तोंड जरा वाकडे आले की चेंडू मध्येच खाली उतरतो. इथे उतार नाही, होल नाही, त्यामुळे सबबही नाही. मैदानावर हेच काम दोन टीचे (पहिल्या फटक्याला चेंडू ठेवायच्या खुंट्यांचे) फाटक करते. चेंडूच्या पुढे हातभर अंतरावर, चेंडूपेक्षा किंचित रुंद जागा सोडून दोन टी रोवतात. चेंडू त्यांना न शिवता पार झाला तर दिशा बरोबर सुटली. मग तो होलमध्ये पडला नाही तरी दोष अंदाजाचा किंवा वेगाचा.

वेग : पटिंगमध्ये सर्वांत जास्त वेळ वेगाला द्यावा. दोन पटांचे तीन होतात ते बहुधा दिशेने नव्हे, अंतराने. लांबचा पट हातभर डावीउजवीकडे जाणे विरळा, पण दोन मीटर आखूड राहणे किंवा पुढे जाणे रोजचेच.

पटरच्या तोंडाला साधारण ३-४ अंशांचा कल असतो. चेंडू स्वतःच्या वजनाने गवतात किंचित रुतलेला असतो, त्याला या कलामुळे बाहेर निघता येते. सुरुवातीला तो घसरतो. वेग मूळच्या सुमारे ५/७ वर आला की गवत त्याला पकडते आणि खरे लोळणे सुरू होते. होलपाशी पोचताना तो जितका जोरात असेल तितका होल अरुंद होत जातो. गणिताने असे दाखवता येते, की चेंडू अगदी मधोमध आला तरी सेकंदाला सुमारे १.६३ मी. पेक्षा जास्त वेग असेल तर तो खड्डा ओलांडून जातो. मध्यम वेगाच्या ग्रीनवर होल नसता तर असा चेंडू अडीच मीटरच्या आसपास पुढे गेला असता. पडण्यापुरताच वेग असलेल्या चेंडूला मात्र अख्खे १०८ मिमी. मोकळे असते. मग चेंडू काठावरच विझावा का? नासामध्ये काम केलेले आणि नंतर आखूड खेळाचे (ग्रीनवरच्या व जवळच्या फटक्यांचे) शिक्षक झालेले डेव्ह पेल्झ यांचे निरीक्षण इथे मोलाचे आहे. खेळाडू होलच्या अगदी जवळ पाय ठेवत नाहीत, पण त्याबाहेरचे कडे दिवसभर तुडवले जाते. तेथील खाचखळग्यांत मरगळलेला चेंडू वाट सोडतो. म्हणून चुकलाच तर साधारण ४३ सेंमी. पुढे जाऊन थांबेल असा वेग पेल्झ सुचवत. उतारावरून खाली जाणाऱ्या पटला हे माप डोळे मिटून लावू नये, तिथे एवढी उदारता महागात पडते.

ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरने मोजतात. १९३५ च्या अमेरिकन ओपनमध्ये ओकमाँटच्या निसरड्या ग्रीन पाहिल्यावर एडवर्ड स्टिम्पसन यांनी ही खाचेची पट्टी बनवली. अमेरिकन गोल्फ संघटनेने १९७० च्या दशकात तिची ॲल्युमिनियमची सुधारित आवृत्ती मैदानांना दिली. पट्टीचे एक टोक हळूहळू उचलले की ठरावीक कोनाला चेंडू आपोआप सुटतो आणि सपाट ग्रीनवर जितके फूट जातो तो आकडा म्हणजे वेग. ८ च्या आसपास संथ, १२ च्या पुढे फार वेगवान.

वेगाचा हात बसवण्याची एक पद्धत साधी आणि अत्यंत गुणकारी आहे. दहा-बारा मीटरवरून पट मारायचा आणि मान वर न करता, चेंडू थांबण्याआधीच मोठ्याने सांगायचे : ‘कमी’, ‘जास्त’ किंवा ‘बरोबर’. मग पाहायचे. पहिल्या दिवशी तोंडातून निघते ‘बरोबर’ आणि चेंडू दोन पावले आखूड पडलेला असतो. आठ-दहा दिवसांत जीभ आणि चेंडू एकमेकांशी जुळू लागतात. हाताला काय जाणवले आणि चेंडूचे काय झाले यांची गाठ अशी पडते. नुसते पन्नास चेंडू मारून ती पडत नाही. झोक्याची लांबी अंतराप्रमाणे वाढावी, ताल तोच राहावा. मागे जायला जेवढा वेळ, त्याच्या साधारण निम्म्यात पटर चेंडूशी यावा. घाबरून मध्येच हात आवरणे हा आखूड पटांचा सर्वांत सामान्य रोग आहे.

उताराचे वाचन : उतार चेंडूमागून, शक्य असल्यास खालच्या बाजूनेही बसून पाहतात. चेंडू हळू असताना उताराची ओढ जास्त जाणवते, म्हणून वळणाचा मोठा भाग शेवटच्या टप्प्यात येतो आणि होलभोवतालची जमीन नीट पाहावी लागते. मार्क स्वीनी यांच्या एमपॉइंट पद्धतीत डोळ्यांऐवजी तळपायांवर भर असतो. पट जाणार त्या रेषेवर दोन्ही पाय फाकून उभे राहायचे, उतार किती टक्के ते जाणवून घ्यायचे आणि त्यानुसार बोटे डोळ्यांपुढे धरून नेमाचा बिंदू ठरवायचा. हौशी खेळाडूचे चेंडू बहुतेक वेळा होलच्या खालच्या बाजूने निसटतात. त्याने आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त उतार धरून पाहावा.

शिक्षकाचे काम : चांगला शिक्षक एका वेळी एकच गोष्ट बदलतो. अमेरिकन गोल्फपटू बेन क्रेनशॉ यांना लहानपणापासून टेक्ससमधील हार्वी पेनिक यांनी शिकवले. १९९५ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या पेनिक यांनी त्यांना शेवटचा धडा दिला तोही पटिंगचाच. आधी सरावाचे दोन चांगले झोके घे, मग स्वतःवर भरवसा ठेव आणि पटरचे डोके हातांच्या पुढे जाऊ देऊ नकोस, असा त्याचा आशय होता. काही दिवसांनी पेनिक वारले. त्यांना खांदा देऊन क्रेनशॉ मास्टर्स स्पर्धेला गेले आणि चारही दिवसांत एकदाही तीन पट न घेता जिंकले. धड्यात अवघड असे काहीच नव्हते. आयुष्यभर ओळखीचा असलेला झोका पाहून त्या क्षणी काय सांगायचे आणि काय गाळायचे, हे त्या शिक्षकाला कळत होते.

नजरेबाबत कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांचे १९९२ मधील संशोधन प्रशिक्षणात खूप वापरले जाते. पटाईत खेळाडूंची नजर फटक्यापूर्वी चेंडूवर दोन-तीन सेकंद स्थिर असते आणि चेंडू गेल्यावरही क्षणभर त्याच जागी राहते. कच्च्या खेळाडूंची नजर काठी, चेंडू, होल अशी भिरभिरते. घरी चेंडूखाली एक रुपयाचे नाणे ठेवून आणि फटक्यानंतर ते नाणे दिसलेच पाहिजे असा नियम करून हे शिकता येते.

सरावात तीन चेंडू एकाच जागेवरून मारण्याची सवय सोडावी. तिसरा चेंडू पहिल्या दोघांची नक्कल असतो, आणि सामन्यात दुसरी संधी नसते. एकच चेंडू घ्यावा, दर वेळी अंतर व उतार बदलावा आणि प्रत्येक पट पडेपर्यंत संपवावा. अपेक्षाही वास्तव असाव्यात. अमेरिकेतील पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेचे खेळाडूसुद्धा ८ फुटांवरून सुमारे निम्मेच पट पाडतात आणि २० फुटांवरून सातांत एखादा. हे आकडे ठाऊक असले की चुकलेल्या २० फुटी पटमुळे झोका बदलण्याची पाळी येत नाही.

आखूड पट आणि भीती : १९७० च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजच्या शेवटच्या होलवर डग सँडर्स यांना विजेतेपदासाठी जेमतेम तीन फुटांचा पट हवा होता. चेंडूपाशी उभे राहून झाल्यावर ते रेषेवरचे काहीतरी झटकायला वाकले, पुन्हा सावरले आणि चेंडू उजवीकडून निसटला. बरोबरी झाल्याने दुसऱ्या दिवशी झालेल्या निर्णायक फेरीत ते जॅक निकलॉस यांच्याकडून एका फटक्याने हरले. क्रम मोडला तर बाजूला होऊन सगळे पहिल्यापासून करायचे, हे म्हणूनच शिकवतात. हात अनावरपणे झटकणाऱ्या विकाराला यिप्स म्हणतात. बर्नहार्ड लँगर त्यातून अनेकदा गेले, पकडी बदलत सावरले, १९८५ व १९९३ मध्ये मास्टर्स जिंकले आणि पुढे लांब पटरकडे वळले. पटरचा दांडा शरीराला टेकवून फटका मारण्यावर २०१६ पासून बंदी आहे. लांब पटर मात्र चालतो.

भारतातील संदर्भ : एस. एस. पी. चौरसिया हे रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या माळ्याचे पुत्र. मैदानावरच वाढून, पाहून पाहून शिकलेल्या या खेळाडूला ग्रीनभोवतीच्या कसबामुळे ‘चिपपटसिया’ हे नाव पडले (चिप म्हणजे ग्रीनजवळून मारलेला छोटा फटका). २०१६ आणि २०१७ ची इंडियन ओपन त्यांनी जिंकली. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक लांब फटक्यांत मागे असूनही पटिंगच्या बळावर चौथ्या आल्या. त्यांचे पदक एका फटक्याने हुकले.

महाराष्ट्रातल्यासारख्या उष्ण हवेत ग्रीनवर बर्म्युडा जातीचे गवत खूप आढळते. पावसाळ्यात ते भराभर वाढते, ग्रीन ओल्या आणि संथ होतात. हिवाळ्यात त्याच ग्रीनवर तोच झोका चेंडूला पार पुढे नेतो. या गवताची पाती एका बाजूला झुकून वाढतात आणि चेंडूला त्या दिशेने ओढतात. ती दिशा ओळखायची तर होलच्या काठाजवळ जाऊन वाकून पाहावे. एक बाजू तासल्यासारखी स्वच्छ असते आणि समोरची विस्कटलेली, तपकिरी पडलेली. कल त्या विस्कटलेल्या बाजूकडे असतो.